आवाज नंतर घालता येतो

३ मार्च

प्रिय मामा,

फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तू पाच मिनिटं "हो, हो, बरोबर" म्हणालास आणि शेवटी "कोण बोलतंय?" असं विचारलंस. म्हणून पत्र.

कामाचं लिहिते. मला एक शॉर्ट फिल्म करायची आहे, आठ मिनिटांची. हसू नकोस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणणाऱ्या बाईलाही कधीतरी वेगळं काही करावंसं वाटतं. गोष्ट अशी: बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करणारी एक बाई, आणि तिचा नोकरीतला शेवटचा दिवस. काचेची खोली, एक खुर्ची, एक माइक. नायिका म्हणून आईला घेतलंय. तिने एकोणतीस वर्षं हेच काम केलं, त्यामुळे तालीम लागणार नाही. मानधनाचा विषय तिने अजून काढलेला नाही.

माझ्याकडे पंचवीस हजार आहेत. कॅमेरा, लाइट, माइक, जे काही लागतं ते सगळं एवढ्यात बसवायचं. कॅमेऱ्याच्या दुकानात हा आकडा सांगितला तर दुकानदाराने मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. इंटरनेटवर "कमी खर्चात उत्तम" अशा याद्या आहेत, त्यातलं सगळ्यात स्वस्त यंत्र माझ्या स्कूटरपेक्षा महाग आहे. तू तीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढलेस. काय विकत घेऊ, काय भाड्याने आणू आणि काय सोडून देऊ ते सांग.

एकच अट. सगळं एप्रिलच्या मध्याआधी उरकायचं आहे. का ते विचारू नकोस, स्पर्धा आहे असं समज.

आई ठीक. घसा जरा बसलाय.

तुझी,
खारुताई


८ मार्च

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद, आणि सोबत फुकटचा सल्ला.

तू विचारलंस हे बरं केलंस. नाहीतर त्या दुकानदाराने तुला पाण्यानंतर चहा पाजला असता आणि तू हप्त्यावर काहीतरी घेऊन आली असतीस.

नवा कॅमेरा घ्यायचा नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याची किंमत निम्मी होते. चार-पाच वर्षं जुना, एकाच माणसाने वापरलेला शोध. चकाकी बघू नकोस, ती विकणाऱ्याने सकाळीच पुसून आणलेली असते. स्क्रूंची डोकी बघ. खाच झिजलेली असेल तर आत कोणीतरी हात घालून आलंय, सरळ उठून यायचं. ट्रायपॉड मात्र जड घे. हलका ट्रायपॉड आणि उतावळा माणूस, दोघांच्या भरवशावर मी कधीच काम केलं नाही. लाइट घेऊच नकोस. साधे दोन मोठे बल्ब आण आणि पुढे पांढरी चादर बांध. सकाळी नऊ ते अकरा खिडकीतून येतो तो उजेड सगळ्यात उत्तम. तो फुकट असतो आणि परतही करावा लागत नाही.

आता मुद्द्याचं. माइकवर एक पैसा घालवू नकोस. आवाज नंतर घालता येतो. मी बाराशे लग्नं काढली, एकाचाही मूळ आवाज ठेवला नाही. लग्नात लोक बोलतात काय? "जेवलात का?" आणि "गाडी कुठे लावली?" ते पुसायचं आणि वर बासरी टाकायची. बाराशे गिऱ्हाइकांपैकी एकानेही "आमचं बोलणं कुठे गेलं?" असं विचारलेलं नाही. सिनेमा हा बघायचा असतो, खारुताई. पैसे भिंगात घाल.

तुझ्या आईला म्हणावं गुळण्या कर. लहानपणापासून छोटी गुळण्या करायचा कंटाळा करते.

मामा


२२ मार्च

प्रिय मामा,

तू सांगितलंस तसं केलं. कॅमेरा शोधण्यात नऊ दिवस गेले. तीन ठिकाणी स्क्रूंची डोकी बघितली. तिसरा माणूस म्हणाला, "बाई, कॅमेरा घ्यायचाय की पोस्टमॉर्टेम करायचंय?" शेवटी त्याचाच घेतला. चित्र सुंदर येतं. बॅटरी एकोणीस मिनिटं चालते. ट्रायपॉड इतका जड आहे की तो घरात आणल्यावर जिथे ठेवला तिथेच फिल्म घडते असं मी गोष्टीत बदलून घेतलं. दोन दिवस सकाळी आईला काढलं. खिडकीशी बसवून, पुढे चादर बांधून. छान दिसते. तोंड हलतं. आवाज नाही, कारण कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक मेलेला आहे आणि वेगळा घेतला नव्हता.

आता खरं सांगते. स्पर्धा वगैरे काही नाही. आईच्या स्वरयंत्रात गाठ आहे. अठरा एप्रिलला ऑपरेशन आहे आणि त्यात पूर्ण स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ वेळेत सापडली, जिवाला धोका नाही, असं डॉक्टर तीनदा म्हणाले. पण त्यानंतर आईला आवाज नसेल.

मला तो ठेवायचा होता. "बोल, आठवण म्हणून ठेवते" म्हटलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते. आमच्या फोनमध्ये तिचे जेवढे व्हिडिओ आहेत ते सगळे "अगं, काढू नकोस" एवढ्यावर संपतात. स्टँडवर ती एकोणतीस वर्षं बोलली, ते बोललं की हवेत जायचं, कोणी साठवलं नाही. म्हणून फिल्मचं सोंग काढलं. काम म्हटल्यावर ती लगेच तयार झाली.

तुला कळवायचं नाही अशी तिने शपथ घातली होती. म्हणाली, "दादाला कळलं की तो येईल, आणि मग मलाच त्याची समजूत काढत बसावं लागेल." शपथ मी आज मोडली.

मामा, तीन मार्चला तिचा घसा नुसता बसलेला होता. आज तिचं अर्धं वाक्य हवेतच विरतं. मी तुझं ऐकलं, कारण तुला यातलं कळतं. आवाज नंतर घालता येतो असं तू लिहिलंस. नंतर कोणाचा घालू?

तुझ्यावर चिडून लिहीत नाहीये. खरं कारण लपवलं मीच.

खारुताई


३१ मार्च

चि. खारुताई,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. दोन दिवस रडलो. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईवर चिडलो. चौथ्या दिवशी तुझ्यावर. पाचव्या दिवशी चिडायला मी एकटाच उरलो. आज लिहायला बसलोय.

माझा सल्ला चुकला. लग्नासाठी बरोबर होता, माणसासाठी चूक. तुझे तीन आठवडे मी भिंग आणि स्क्रू यांत घालवले. याची भरपाई होत नाही, तरी आता सांगतो ते ताबडतोब कर.

कॅमेरा राहू दे बाजूला. कॉलरला लावायचा छोटा माइक घे, वायरचा. बिनवायरचा स्वस्तातला घेशील तर शेजारच्यांचं भांडण त्यात येईल. वायर फोनला जोड, फोन पुरे. माइक हनुवटीच्या खाली एक वीत, कपड्याला घासणार नाही असा. खोली कुठलीही चालेल, पण कपड्यांचं कपाट सताड उघड आणि छोटीची खुर्ची कपाटाकडे तोंड करून ठेव. कपडे आवाजाचा घुमारा गिळतात. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ उतरवून बाहेर. फ्रीज बंद, आणि स्कूटरची किल्ली त्याच्या आत ठेव, म्हणजे फ्रीज परत चालू केल्याशिवाय तुला घराबाहेर पडता येणार नाही. बोलणं सुरू होण्याआधी अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचाही आवाज घे.

हे सगळं मला माहीत होतं. एका जुन्या साउंडवाल्याने शिकवलं होतं. तीस वर्षांत वापरायची वेळ आली नाही.

मी लगेच निघणार होतो. पण छोटी म्हणते ते खरं आहे, मी आलो तर तिला माझीच समजूत काढावी लागेल. म्हणून येत नाही. तिला सांग की मी येत नाहीये. म्हणजे सांगू नकोस. मला काही माहीतच नाही.

मामा


७ एप्रिल

प्रिय मामा,

माइक घेतला. काल शूटिंग झालं. किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती. आई दूध काढायला गेली तेव्हा तिला ती सापडली. तिने किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दादाला सांगितलंस ना?" मी माइकची वायर सोडवायला लागले. ती म्हणाली, "फ्रीजमध्ये किल्ली ठेवायला सांगणारा आपल्या घरात दुसरा कोण आहे?" रागावली नाही. तेव्हा आता तुला माहीत आहे हे तिला माहीत आहे.

ती कपाटाकडे तोंड करून बसली. म्हणाली, "एकोणतीस वर्षांचे प्रवासी, आता हँगरला लटकलेत." मग ताठ झाली, पदर सारखा केला आणि सुरू केलं. गाडी क्रमांक चौदा, फलाट तीन. अकरा मिनिटं बोलली. मध्ये चार वेळा पाणी प्यायली. आवाज नव्हताच म्हण ना, नुसती फुंकर. मी तिच्या मागे उभी होते, त्यामुळे तिला माझं तोंड दिसलं नाही हे बरं झालं.

संपल्यावर तिने हेडफोन मागितले. पूर्ण ऐकलं. हेडफोन काढून वायरची नीट गुंडाळी केली आणि म्हणाली, "ही बाई कोण? हिला मी स्टँडवर उभं राहू दिलं नसतं. गाडी सुटेल आणि माणूस तिथेच उभा राहील." मी म्हटलं, आई, मला हाच आवाज हवाय. ती म्हणाली, "मला नकोय. माझं नाव लावून हा ऐकवायचा नाही. फिल्ममध्ये नाही, घरात नाही, मी गेल्यावरही नाही." मला वचन द्यायला लावलं. मी दिलं. ती त्या कामात किती कडक होती ते तुला माहीत आहे. माझ्याच्याने मोडवणार नाही.

तर आता माझ्याकडे कॅमेरा आहे, ट्रायपॉड आहे, बल्ब, चादर, माइक, सगळं आहे. फक्त आवाज नाही आणि अकरा दिवस उरलेत.

मामा, तू घरातला प्रत्येक समारंभ काढलास. तुझ्या कपाटात टेपा आहेत. त्यात आईचा चांगला आवाज कुठेतरी असेलच ना? तिने "हो, ही मी" म्हणावं एवढाच. पाच मिनिटं पुरतील. दोनही पुरतील.

खारुताई


११ एप्रिल

चि. खारुताई,

घरच्या एकतीस टेपा निघाल्या. सगळ्या लावून बघितल्या. मला ऐकू येत नाही हे खरं, कानातलं यंत्र घातलं तर शिट्टी तेवढी येते. पण माझ्या जुन्या व्हिडिओ डेकवर आवाजाचे दोन काटे आहेत. आवाज असला की हलतात. आणि काट्यावरून मला कळतं. बासरीचा काटा सावकाश झुलतो. बोलण्याचा काटा धडपडतो, मध्येच पडतो, परत उठतो.

छोटी प्रत्येक टेपमध्ये आहे. कुठे हसते, कुठे वाढते, एका ठिकाणी तुझ्या बाबांना भर मांडवात दम देते. तोंड हलतं आणि काटे झुलतात. एकतीसच्या एकतीस टेपांत बासरी. माझ्या हाताने घातलेली. शेवटच्या टेपला मी डेक बंद करून नुसता बसून राहिलो. बायको येऊन जेवायची खूण करून गेली, तर उठवेना.

कपाटाच्या तळाशी बत्तिसावी होती. तिच्यावर माझ्या अक्षरात "वाया" असं लिहिलंय. लावली. पडदा काळा. पण काटे धडपडतायत.

ही कुठली ते सांगतो. पस्तीस वर्षांपूर्वी मी पहिला कॅमेरा घेतला. छोटीची स्टँडवरच्या नोकरीसाठी मुलाखत होती, चार दिवसांवर. मी म्हटलं तू माझ्यासमोर सराव कर, मी काढतो, मग बघून चुका सुधारू. तिला खुर्चीवर बसवलं, कॅमेरा लावला. ती पाणी प्यायला उठली तेव्हा पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी भिंगावर झाकण लावलं. ती परत आली, मी बटण दाबलं. झाकण तसंच. संध्याकाळी टेप लावली तर सगळं काळं, तशीच बंद केली. लाज वाटली. धंदा सुरू व्हायच्या आधीच बुडाला असं वाटलं. तिला सांगितलं, यंत्राने टेप गुंडाळली, काही आलं नाही. तिच्यावर पुढे दुसरं काही काढू म्हणून टेप ठेवून दिली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

भिंगातून बघितलं कसं नाहीस, असं तू विचारशील. मी कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होतो.

टेपवर काय आहे मला माहीत नाही. ऐकू येत होतं तेव्हा लाजेपायी परत लावली नाही. आज लावली तर ऐकू येत नाही. टेप आणि डेक दोन्ही पाठवतोय, जुन्या रजईत गुंडाळून. डेक नऊ किलोचा आहे, तुझ्या ट्रायपॉडला सोबत होईल. लाल वायर लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. टेप पहिल्यांदा चालेल तेव्हाच फोनवर उतरवून घे, दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नाही.

त्यात जे असेल ते मला लिहून कळव. काही नसेल तरी कळव.

मामा


१६ एप्रिल

प्रिय मामा,

डेक काल पोचला. जेवणाचं टेबल त्यालाच लागलं, आम्ही जमिनीवर जेवलो.

लाल वायर लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. तुझ्या सांगण्याप्रमाणे फोन आधीच चालू करून ठेवला. आई पलंगावर बसून हॉस्पिटलच्या बॅगेत टॉवेल भरत होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. टीव्ही काळा, थोडी खरखर, खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग आई बोलली.

मामा, मी बत्तीस वर्षं तिची मुलगी आहे, आणि हा आवाज मी कधी ऐकलेला नाही. बावीस वर्षांच्या मुलीचा. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी क्रमांक चौदा, दवाखाना, पाण्याची टाकी, जुना पूलमार्गे जाणारी, फलाट क्रमांक तीनवरून सुटत आहे." लख्ख. एकेक अक्षर पुसून ठेवल्यासारखं. मग ती चुकते, फलाट तीनच्या जागी गाडी तीन म्हणते, आणि इतकी हसते की तिला पुढचं बोलता येत नाही. मग सुरुवातीपासून परत. एकूण सतरा मिनिटं.

आई टॉवेल हातात धरून बसली होती. सतरा मिनिटं तशीच. संपल्यावर मी तिच्याकडे बघायला घाबरत होते. तिने टॉवेलची घडी घातली, बॅगेत ठेवला आणि पुटपुटली, "ही चालेल." मी विचारलं, फिल्ममध्ये लावू? तिने मान डोलावली. "हिची गाडी चुकणार नाही."

मी रडले. ती नाही रडली. तिने डेकवरची धूळ पुसली.

टेपवर काय आहे ते लिहून कळव म्हणालास. सगळं लिहायला बसले होते, पण मध्ये तुमच्या दोघांचं बोलणं आहे. आई म्हणाली ते ती स्वतः लिहील, मी हात लावायचा नाही. परवा ऑपरेशन आहे. त्यामुळे थोडं थांबावं लागेल.

खारुताई


१० मे

दादा,

गाठ पूर्ण निघाली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. दिसायला बरं नाही पण काम चालतं. बोलता येत नाही. गळ्याशी यंत्र धरून बोलायला शिकवणार आहेत. तोवर वही घेऊन फिरते. भाजीवालीला वहीत भाव लिहून दाखवला तर तिने घासाघीस केली नाही, निमूट दिली. तेवढा फायदा.

तुला कळवलं नाही याबद्दल तू रागावला असशील. रागाव. मला भीती वाटत होती आणि तुझा चेहरा बघून ती वाढली असती. आता कमी झाली आहे.

टेपबद्दल. चौथ्या मिनिटाला मी म्हणते, "दादा, झाकण आहे रे त्याला." तू म्हणतोस, "तू बोल. दिसायचं मी बघतो." नवव्या मिनिटाला मी परत सांगते, "अरे, झाकण." तू म्हणतोस, "छान चाललंय, थांबू नकोस." दोनदा सांगून झालं, मग मी सोडून दिलं. टेप गुंडाळली हे तू पस्तीस वर्षं सांगतोयस आणि मी पस्तीस वर्षं मान डोलावतेय.

का सोडून दिलं ते लिहिते, कारण बोलून कधी सांगितलं नसतं. त्या घरात मी तोंड उघडलं की कोणीतरी काहीतरी काम सांगायचं. सतरा मिनिटं माझं बोलणं कोणी सलग ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तू स्टुलावर बसला होतास आणि माझ्याकडे बघत होतास. झाकणासाठी ते मोडायची माझी इच्छा नव्हती. मुलाखतीला गेले तेव्हा समोर तूच बसलायस असं धरून बोलले. नोकरी लागली. पुढची एकोणतीस वर्षंही काचेपलीकडच्या गर्दीत मी एक स्टूल ठेवलेलं होतं.

फिल्म झाली. आठ मिनिटं पडदा काळा आणि वर माझा आवाज. लेकीने काढलेलं माझं चित्र तिने एका जागीही वापरलं नाही, ते मला बरं वाटलं. कॅमेरा विकायला काढलाय, घ्यायला आलेला माणूस स्क्रूंची डोकी बघत होता. ट्रायपॉड कोणी घेत नाही, त्यावर टॉवेल वाळतात. फिल्मच्या शेवटी दोन ओळी आहेत. आवाज: आई. छायाचित्रण: मामा. ही दुसरी ओळ मी सांगितली. तिच्याबद्दल तक्रार ऐकून घेणार नाही, आणि आता मला वादही घालता येत नाही.

तुला ऐकू येणार नाही म्हणून टेपवरचं सगळं लिहून काढलंय. चौदा पानं सोबत जोडली आहेत. मी हसले तिथे "हसते" असं लिहिलंय. तू बोललास ते तुझ्या नावाने. सावकाश वाच.

आणि वाचून झालं की ये. मी बोलणार नाही आणि तू ऐकणार नाहीस, तेव्हा आपलं जमेल. बसून राहू. कॅमेरा आणायचा असेल तर आण. झाकण घरी ठेव.

छोटी